रस्त्याकडेची जागा आणि घामाचा पैसा

आजचा विषय व्यासपीठाला शोभणारा नाही, असे आमच्या काही मित्रांनी मला आधीच सांगून ठेवले आहे. वसंत ऋतूत व्याख्याने व्हावयाची ती संतवाङ्मयावर, इतिहासावर, फार तर जगाच्या राजकारणावर. प्लॉट कसा घ्यावा, त्याला पैसा कोठून आणावा, हा काय विषय झाला? परंतु तीस वर्षे कामगारांत काढल्यावर माझी अशी खात्री झाली आहे की, माणूस पगारवाढीसाठी जेवढा झगडतो त्याच्या दशांशानेही हाती आलेली रक्कम कोठे ठेवावी याचा विचार करीत नाही. शेवटचा पगार वीस हजार आणि नोकरी तीस वर्षे धरली, तर सव्वीस दिवसांचा महिना आणि वर्षाला पंधरा दिवसांचा पगार या हिशेबाने ग्रॅच्युइटी होते सुमारे तीन लाख शेहेचाळीस हजार रुपये. आयुष्यभराच्या उभे राहण्याची ही किंमत! ती मिळवून देण्यास आम्हांला कित्येकदा वर्ष-दोन वर्षे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. आणि ती एका दुपारी, चहाच्या टपरीवर, बाँड पेपरच्या एका कागदावर निघून जाते. म्हणून हा विषय मी मागून घेतला.

आपले शहागड गोदाकाठी, आणि सोलापूर-धुळे महामार्गावर. इकडे बीड, तिकडे छत्रपती संभाजीनगर, आत वळले की अंबड आणि जालना. अशा गावाला रस्ता मोठा झाला की जमिनीचा ताप चढतो. ज्याची जमीन रस्त्यात गेली त्याच्या हाती मोबदला आला, ज्याची उरली ती ‘रोडटच’ झाली, आणि ज्याची मुळीच नव्हती त्याला वाटू लागले की आपणच तेवढे मागे राहिलो. या तिसऱ्या माणसासाठी मी बोलतो आहे. तो हमाल असेल, एस.टी.चा वाहक असेल, जालन्याच्या सळईच्या कारखान्यात भट्टीपुढे उभा राहणारा असेल. त्याच्याजवळ दोन ते पाच लाख असतात आणि त्यापुढे कर्जाशिवाय काही नसते.

पहिला प्रश्न त्याने स्वतःलाच विचारावा : मला राहावयास जागा हवी आहे, की पैसा वाढवावयास? या दोन गोष्टी एक नव्हेत. राहावयाच्या घराचा हिशेब भाड्याच्या कटकटीतून सुटका, मुलांची शाळा, म्हातारपणीचा आसरा यांत मांडावयाचा असतो. गुंतवणुकीचा हिशेब मात्र आकड्यांतच मांडावा लागतो, आणि तेथे आपले लोक फसतात ते असे. कोणी सांगतो, ‘मी दोन लाखांचा प्लॉट घेतला आणि पाच लाखांना विकला.’ ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात. किती वर्षांनी, हे कोणी विचारीत नाही. पंधरा वर्षांनी असेल, तर ती वाढ चक्रवाढीने दर साल शेकडा सव्वासहा होते. त्यातून मुद्रांकाचा खर्च, दलाली, तारेचे कुंपण आणि दोन वेळची मोजणी वजा करा. बँकेतील मुदतठेवीहून ती फारशी निराळी राहत नाही. आणि ठेव हवी तेव्हा मोडता येते, प्लॉट मुलीच्या लग्नाच्या तारखेला विकला जाईलच असे नाही. भाड्याच्या गाळ्याचेही तसेच. दहा लाखांचा गाळा महिना चार हजार देत असेल, तर वर्षाला अठ्ठेचाळीस हजार, म्हणजे शेकड्याला पाचाच्याही आत. आणि वर्षातून दोन महिने तो रिकामा राहिला तर चार.

मी हे जागा घेऊ नका म्हणून सांगत नाही. जागेचे एक बळ आहे. ती चोरून नेता येत नाही, आणि आमच्या माणसाला ती दारूच्या दुकानापासून वाचवते, हेही मी पाहिले आहे. शिवाय २०२३ सालानंतर या मराठवाड्यात मोठ्या व्याजाच्या पतसंस्थांपुढे ठेवीदारांच्या ज्या रांगा लागल्या, त्या पाहून लोकांनी जमिनीकडे धाव घेतली तर त्यांना दोष देववत नाही. फक्त एवढे लक्षात असू द्या की बँकेतील ठेवीला २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही, आणि रस्त्याकडेच्या प्लॉटला तर नाहीच नाही.

आता जागा शोधावयाची कशी? दलालाच्या जीपमधून पाहू नये, हा माझा पहिला नियम. जीप हिवाळ्यात येते, सकाळी येते, आणि चांगल्या रस्त्याने येते. आपण पावसाळ्यात जावे, आणि पायी जावे. गोदाकाठच्या गावाला तर हे दुप्पट लागू. जायकवाडीचे धरण आपल्या वरच्या अंगाला, पैठणला आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. नाथसागर भरला आणि दरवाजे उघडले की खालच्या गावांत काय होते ते २००६ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२५ च्या सप्टेंबरमध्ये काठच्या लोकांनी पाहिले. पाटबंधारे खाते नदीला दोन रेषा आखते. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधण्यास परवानगी मिळत नाही. काठावरची काळीभोर सपाट जमीन पाहून मन भुलते. ती सपाट कोणी केली, हे शेजारच्या म्हाताऱ्याला विचारावे. म्हातारा पाण्याची खूण झाडावर दाखवील.

महामार्गाचीही अशीच रेषा असते. रस्त्याच्या मध्यापासून ठराविक अंतरापर्यंत बांधकाम करता येत नाही, आणि राष्ट्रीय महामार्गावर गाडी उतरविण्यासाठी वाट काढावयाची तर तीही परवानगीने. तेव्हा ‘रोडटच’ याचा अर्थ रस्ता दिसतो एवढाच असू शकतो. उद्या रुंदीकरण निघाले तर काय, हेही पाहावे. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली संपादनाची अंतिम अधिसूचना निघाली की जमीन सरकारची होते. मोबदला मिळतो, पण तो हक्क शाबीत करणाराला. आणि बाँडवर घेणाऱ्याचा हक्क शाबीत होत नाही.

येथवर आलोच आहोत तर कागदांकडे वळू. हा भाग कंटाळवाणा आहे, तरी झोप आवरा. फसवणुकीचे सारे दुकान येथेच मांडलेले असते.

आमच्या एका कारखान्यातील एक गृहस्थ निवृत्त झाले. नाव सांगत नाही. त्यांनी महामार्गापासून थोड्या अंतरावर दोन गुंठे घेतले. गुंठा म्हणजे एक हजार एकोणनव्वद चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. विकणाऱ्याने चुन्याची फक्की टाकून रस्ते आखले होते, मध्ये ‘बगीचा’ लिहिलेली पाटी होती, आणि फलकावर ‘एन.ए. प्रस्तावित’ असे लिहिले होते. नोटरीपुढे बाँडवर सही झाली, ताबा दिला, फोटो काढले. तीन वर्षांनी हे गृहस्थ घर बांधावयास गेले तेव्हा तेथे तूर उभी होती. सातबाऱ्यावर विकणाऱ्याचे नाव होते, परंतु एकट्याचे नव्हते; दोन बहिणी आणि एक पुतण्या यांची नावे होती आणि त्यांच्या सह्या कोठेच नव्हत्या. त्यांनी आपला हिस्सा वेगळा मागितला. ‘प्रस्तावित’ एन.ए.चा प्रस्ताव कोणत्याही कचेरीत गेलेला नव्हता. माझ्याकडे ते कागद घेऊन आले तेव्हा मी त्यांना वकिलाकडे नेले. वकिलाने कागद उलटसुलट पाहून विचारले, ‘हे खरेदीखत कोठे आहे?’ त्या गृहस्थांना बाँड आणि खरेदीखत यांतील फरकच ठाऊक नव्हता. चौतीस वर्षे भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस. त्या दिवशी वकिलाच्या ओट्यावरून त्याला उठवेना.

तो फरक असा आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे विक्रीचा करार, म्हणजे साठेखत किंवा इसारपावती, हे केवळ पुढे विकण्याचे वचन आहे. त्याने मालकी येत नाही. मालकी येते नोंदणी केलेल्या खरेदीखताने, आणि १९०८ च्या नोंदणी कायद्याने ती नोंदणी सक्तीची आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे सही करणारा माणूस समोर होता एवढीच साक्ष. कुलमुखत्यारपत्रावर ‘विकलेली’ जागाही तशीच. सुरज लॅम्प या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की मुखत्यारपत्र, करार आणि मृत्युपत्र यांच्या जुडग्याने स्थावराची मालकी जात नाही. बाँड पूर्वी शंभराचा असे, २०२४ पासून महाराष्ट्रात तो पाचशेचा झाला. किंमत वाढली, जोर वाढला नाही.

सातबारा वाचण्यास मॅट्रिक व्हावे लागत नाही. मी स्वतः शाळा लवकर सोडलेला माणूस आहे. सातबारा मला एका वृद्ध कोतवालाने शिकविला. वरचा भाग गाव नमुना सात, त्यात मालक आणि हक्क. खालचा नमुना बारा, त्यात पिके. वर प्रथम पाहावे भूधारणा पद्धती. ‘भोगवटादार वर्ग १’ असेल तर बरे. ‘वर्ग २’ असेल तर ती जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येत नाही, मग विकणारा कितीही गोड बोलो. त्यानंतर ‘इतर हक्क’ हा रकाना. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कूळ, कॅनॉलचे संपादन, कोर्टाचा मनाई हुकूम, हे सारे तेथे बसलेले असते. त्यापुढे फेरफार क्रमांक. प्रत्येक क्रमांकामागे एक गोष्ट असते : कोण वारला, कोणी वाटणी केली, कोणाचे नाव लागले, कोणाचे गळले. वारस नोंदीत बहिणी आहेत की नाहीत हे विशेष पाहावे. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, सर्व देशात २००५ साली मिळाला. बहिणीने हक्कसोडपत्र नोंदवून दिले असेल तर ठीक. ‘ती काही मागणार नाही’ हे भावाचे वाक्य कागद नव्हे. आणि का मागू नये तिने? असो.

आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा होता, याचे ओझे आजही जमिनीवर आहे. मदतमाश आणि खिदमतमाश ही नावे फेरफारात दिसली की थांबावे. मदतमाश म्हणजे निर्वाहासाठी दिलेले इनाम. खिदमतमाश म्हणजे देऊळ, मशीद, दर्गा यांच्या सेवेसाठी दिलेले. या जमिनींवर शासनाच्या आणि देवस्थानाच्या अटी असतात, आणि त्यांचे व्यवहार वर्षानुवर्षे न्यायालयात पडून आहेत. अशा जागी १९५४-५५ चे खासरा पाहणीपत्रक आणि त्याही आधीचे सेतवार काढून घ्यावे. सेतवार बहुधा उर्दूत असते. ते वाचणारी म्हातारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत. तरुण मुलांनी ही लिपी शिकली तर त्यांना भाकरीही मिळेल आणि गावाचे तंटेही मिटतील.

तुकडेबंदीचे काय, असे पुष्कळ विचारतात. १९४७ च्या कायद्याने शेतजमिनीचे लहान तुकडे पाडण्यास बंदी आहे. २०२३ सालच्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीचे प्रमाणक्षेत्र वीस गुंठे आणि बागायतीचे दहा गुंठे ठरले. शहरी आणि विकास आराखड्यातील भागांना अलीकडे सवलती मिळाल्या आहेत, जुने तुकडे रक्कम भरून नियमित करण्याची वाटही आहे. तथापि सवलत आपल्याच गट नंबराला लागू आहे की नाही, हे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत विचारल्याशिवाय एक पैसा देऊ नये. आणखी एक : शेतजमीन विकत घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो. नोकरदाराच्या घरी वडिलांचा सातबारा असतो, तोवर चालते. नसेल तर त्याने अकृषिक आदेश आणि मंजूर रेखांकन असलेल्या प्लॉटकडेच पाहावे. ग्रामपंचायतीचा नमुना आठ दाखवून कोणी मालक म्हणवील, तर तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा नव्हे. कर तर भाडेकरूही भरतो.

मोठा लेआउट किंवा इमारत असेल तर महारेराचा क्रमांक मागावा. २०१६ च्या कायद्याने पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरील किंवा आठांहून अधिक घरांच्या प्रकल्पाला तो घ्यावाच लागतो, आणि प्लॉटचे प्रकल्पही त्यात येतात. नोंदणीकृत करार केल्यावाचून विकणाऱ्याला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. हे वाक्य पाठ करून जावे. ते ऐकले की निम्मे विक्रेते चहाही पाजीत नाहीत.

आता पैसा. घराला बँक कर्ज देते. तीस लाखांपर्यंतच्या घराला किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली आहे. नुसत्या प्लॉटला कमी देते, आणि बाँडवरच्या गुंठ्याला मुळीच देत नाही. यातच एक फुकटचा सल्ला दडलेला आहे. बँकेचा वकील तीस वर्षांचा शोध घेतो; ज्या जागेला बँक कर्ज नाकारते ती जागा रोखीने घेऊ नये. स्वतःजवळ सगळी रक्कम असली तरी थोडे कर्ज मागून पाहावे, असे मी आमच्या सभासदांना सांगतो. बँकेची नजर त्या कागदांवरून फिरते हा त्यात मोठा लाभ.

परंतु हप्त्याचा हिशेब डोळे उघडे ठेवून करावा. दहा लाखांचे कर्ज शेकडा नऊ दराने वीस वर्षांत फेडले, तर हप्ता सुमारे नऊ हजार पडतो आणि एकूण जातात साडेएकवीस लाखांच्या वर. तेच दहा वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे बारा हजार सातशे, आणि जातात पंधरा लाख वीस हजार. महिन्याला साडेतीन-चार हजारांची ओढाताण, आणि वाचतात सहा लाखांहून अधिक. ज्याला हे झेपत नाही त्याने लहान जागा घ्यावी. हप्ता घरात येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शापलीकडे जाऊ देऊ नये. ओव्हरटाइम त्यात धरू नये. ओव्हरटाइम मालकाच्या मर्जीवर असतो. भविष्यनिर्वाह निधीतूनही घरासाठी किंवा घराच्या जागेसाठी रक्कम काढता येते. अटी बदलत राहतात, त्या विचाराव्यात. ती राहावयाच्या घरासाठी काढावी. भाव वाढेल या आशेच्या गुंठ्यासाठी म्हातारपण गहाण टाकू नये. सावकाराचे शेकडा तीन, म्हणजे वर्षाला छत्तीस. छत्तीस टक्के वाढणारी जमीन मी तरी पाहिलेली नाही. परवाना नसलेल्या सावकाराने जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून ती परत मिळविता येते, हेही ध्यानात असू द्या.

दुसरी वाट एकत्र येण्याची. तिची दोन टोके सांगतो. पर्ल्स, म्हणजे पीएसीएल या कंपनीने शेतजमीन देतो म्हणून देशभर गावोगाव एजंट नेमले आणि हप्ते गोळा केले. २०१४ साली सेबीने हिशेब काढला तो सुमारे ५ कोटी ८५ लाख लोकांचा आणि ४९,१०० कोटी रुपयांचा निघाला. पैसे परत करण्याचा हुकूम झाला. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तरी पुष्कळ लोकांचे पावत्या सांभाळणे संपले नाही. त्या हप्ते भरणाऱ्यांतील बहुतेकांनी आपली जमीन एकदाही पाहिली नव्हती.

दुसरे टोक याच महामार्गाच्या दक्षिण शेवटाला, सोलापूरजवळ कुंभारी येथे आहे. तेथील विडी कामगार स्त्रियांनी नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली लाल बावट्याच्या संघटनेतून गृहनिर्माण संस्था उभी केली. आम्हांला त्यांचा पक्ष मान्य असो वा नसो, हिशेब मान्य करावाच लागतो. कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते कामगारांना मिळाली. घराला साठ हजार. वीस केंद्राचे, वीस राज्याचे आणि वीस त्या बाईचे स्वतःचे. पुढे रे नगर ही तीस हजार घरांची योजना आली, आणि तिच्यातील पंधरा हजार घरे २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिली गेली. राज्यकर्ते बदलले, बायांची संस्था टिकली. यात नवे असे काही नाही. मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी १९१५ साली सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, तेव्हापासून ही वाट रुळलेली आहे. ती मध्यमवर्गाने वापरली, आम्ही उशिरा वापरली. पर्ल्स आणि कुंभारी यांत फरक कोणता? कुंभारीत सभासदाला जागा ठाऊक होती, हिशेब मागता येत होता, आणि जो पैसे गोळा करीत होता तो त्याच गल्लीत राहत होता. शहागडला दहा-वीस जणांनी मिळून एक सलग, स्वच्छ कागदांची जागा घेऊन रीतसर रेखांकन मंजूर करून घेतले, तर दोन-दोन गुंठ्यांच्या बाँडांपेक्षा ते स्वस्त आणि पक्के पडेल. मात्र संस्थेची नोंदणी आधी, पैसा नंतर, आणि तोही बँकेच्या खात्यात.

खरेदीच्या दिवशी करावयाची कामे थोडी आहेत. इसार द्यावयाचा तो चेकने. नोंदणीपूर्वी भूमी अभिलेख कचेरीची सरकारी मोजणी करून खुणा दगडाच्या रोवून घ्याव्या; चुन्याची फक्की पहिल्या पावसात जाते. मुद्रांक शुल्क खरेदीची किंमत आणि शासनाच्या मूल्यदर तक्त्यातील किंमत यांपैकी जी जास्त तिच्यावर पडते, आणि नोंदणी फी शेकडा एक, जास्तीत जास्त तीस हजार. कमी किंमत दाखवा असे कोणी म्हणेल; उरलेली रोख रक्कम मग कोणत्याही न्यायालयात सापडत नाही. खरेदीखत झाले की सूची क्रमांक दोन घ्यावी आणि फेरफार लागला की नाही ते तलाठ्याकडे, म्हणजे ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, जाऊन पाहावे. नोंदीवर हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते. तोवर गावात चौकशी करीत राहावे. आणि खरेदीखतावर आपल्या नावाबरोबर पत्नीचेही नाव घालावे. जागा पाहावयास ती पावसाळ्यात बरोबर आली असेल, तर चिखल किती होता हे ती तुमच्यापेक्षा नेमके सांगेल.